पोलीस कोठडीतल्या माणसाची विचारपूस कोण करू शकतं?

समजा, रात्री अकरा वाजता मेहरूणमधल्या एखाद्या घरी निरोप आला, "तुमच्या मुलाला पोलीस घेऊन गेले." घरच्यांची धावपळ सुरू होते. तो जेवला का, त्याला मारहाण तर झाली नाही ना, हे विचारायचा हक्क नेमका कोणाला आहे?

ब्रिटनमध्ये काय आहे?

१९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीनंतर लॉर्ड स्कारमन यांनी शिफारस केली की, सामान्य नागरिकांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेट द्यावी. २००२ च्या कायद्याने या योजनेला कायदेशीर आधार मिळाला. हे स्वयंसेवक जोडीने जातात. आरोपी दोषी आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. जेवण, औषधं, अंथरूण, दुखापत एवढंच ते बघतात.

आपल्याकडे अशी सोय आहे का?

तुरुंगांसाठी अशासकीय अभ्यागत नेमायची तरतूद जुनी आहे. २०१५ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांसाठीही असे अभ्यागत नेमण्याचा विचार करायला राज्यांना सांगितलं. पण ब्रिटनसारखा, थेट लॉकअपपर्यंत जाण्याचा हक्क आपल्याकडे सामान्य नागरिकाला नाही. म्हणजे मित्रमंडळींनी ठाण्यात जाऊन "आम्हाला कोठडी दाखवा" म्हणून चालत नाही. मात्र काही दारं कायद्यानेच उघडी ठेवली आहेत.

अटकेनंतर कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या या गोष्टी लक्षात ठेवा:

• कलम ४८: अटक झाल्याचं आणि कुठे ठेवलंय हे नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला लगेच कळवायचं.
• कलम ३७: अटक केलेल्यांची माहिती ठेवायला प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमलेला असतो. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असते.
• कलम ३८: चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ सोबत बसू शकत नाही.
• कलम ५३: अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी. अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते.
• कलम ५८: प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं.

स्वयंसेवक कुठे येतात?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षण घेतलेले विधी स्वयंसेवक असतात. ते वकील नसतात. ते अडचणीतला माणूस आणि मोफत वकील यांची गाठ घालून देतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे अनेकांना माहीत नसतं. जळगाव असो की धुळे, प्राधिकरणाचं काम जिल्हा न्यायालयातून चालतं. हेल्पलाइन क्रमांक आहे १५१००.

पहिले तास एवढे महत्त्वाचे का?

२०१७ मध्ये सांगलीत अटकेतल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेल्याचं सुरुवातीला सांगण्यात आलं. नंतर मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा आरोप झाला आणि पोलिसांनाच अटक झाली. सगळीकडे असं घडतं असा याचा अर्थ नाही. पण बाहेर कोणीतरी वेळ लिहून ठेवतंय, वकील पाठवतंय, हे ठाण्यात माहीत असलं की आतला माणूस एकटा राहत नाही.

तुम्ही काय करू शकता?

घरच्यांसोबत दोघंच जा, जमाव नेऊ नका. कोणत्या गुन्ह्यात, किती वाजता अटक झाली ते शांतपणे विचारा आणि लिहून घ्या. नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. १५१०० वर फोन करा. दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर राहा. मारहाण झाली असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांना तिथेच सांगता येते. त्यानंतर राज्य मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही दाद मागता येते.

सीसीटीव्हीचं फुटेजही मागा. ते १८ महिने, निदान वर्षभर तरी जपून ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे.

आणि एक करू नका: अटकेतल्या माणसाचा फोटो "आरोपी" म्हणून ग्रुपवर फिरवू नका. तो दोषी आहे की नाही, हे न्यायालय ठरवेल.