मत्स्यखाद्यातील इथॉक्सीक्विन: खाद्य टिकते, पण माशांचे काय?

मत्स्यखाद्याच्या गोणीवरील लेबल वाचले, तर घटकांच्या यादीत बीएचए, बीएचटी किंवा इथॉक्सीक्विन यांपैकी एखादे नाव सापडते. ही कृत्रिम अँटिऑक्सिडंट्स आहेत. विक्रेते कधी कधी त्यांना ‘माशांची प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून खपवतात. ते खरे नाही. हे पदार्थ खाद्यातील तेल खवट होऊ नये म्हणून घालतात.

फिशमील आणि माशांच्या तेलात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. हवेशी संपर्क आला की ती खवट होतात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. जहाजात भरलेले फिशमील यामुळे आपोआप पेटू शकते. म्हणूनच सागरी वाहतुकीत त्यात अँटिऑक्सिडंट मिसळण्याचा नियम आला. इथॉक्सीक्विन स्वस्त आणि प्रभावी असल्याने तेच जास्त वापरले गेले.

खवट खाद्याने काय होते?

खवट तेलातील पेरॉक्साइडमुळे खाद्यातील जीवनसत्त्व ई संपते. माशाची भूक कमी होते, यकृत फिकट व मेदयुक्त होते, स्नायू झिजतात. जपानमध्ये खवट झालेले रेशीम किड्यांचे कोष खाल्लेल्या सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांच्या पाठीचे मांस झिजून पाठ धारदार दिसू लागे. या रोगाला तेथे ‘सेकोके’ म्हणतात. जीवनसत्त्व ई दिल्यास तो टाळता येतो. योग्य प्रमाणातील अँटिऑक्सिडंटचा माशांना होणारा फायदा इतकाच, की असे खवट तेल त्यांच्या पोटात जात नाही.

जास्त मात्रेचा धोका

अमेरिकेत खाद्यातील इथॉक्सीक्विनची मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम आहे. युरोपातही पूर्वी तेवढीच होती. मात्रा वाढली की ते शरीराबाहेर टाकण्याचा भार यकृतावर पडतो. सॅल्मनवरील अभ्यासात मूळ इथॉक्सीक्विन काही दिवसांत कमी झाले, पण त्यापासून शरीरात तयार होणारा डायमर मांसात अधिक काळ राहिला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये उपलब्ध माहितीवरून याची सुरक्षितता ठरवता येत नाही, असे मत दिले. उत्पादनात अशुद्धी म्हणून राहणाऱ्या पी-फेनेटिडीनमुळे जनुकांना इजा होण्याची शंका हे त्यातले मोठे कारण. २०१७ मध्ये युरोपीय संघाने परवानगी स्थगित केली आणि २०२२ मध्ये ती नाकारली.

कोळंबी निर्यात करणाऱ्यांना हा विषय आधीच माहीत असेल. २०१२ मध्ये जपानने भारतीय कोळंबीत इथॉक्सीक्विनची तपासणी सुरू केली. तेव्हा मर्यादा होती ०.०१ पीपीएम, म्हणजे खाद्यातून आलेला अंशही माल अडकवायला पुरे. २०१४ मध्ये ती ०.२ पीपीएम झाली. तळ्यावर कोणी औषध वापरले नव्हते. अवशेष खाद्यातूनच आला होता.

घरी खाद्य बनवताना

स्वतः अँटिऑक्सिडंट मिसळू नका. किलोला १५० मिलिग्रॅम म्हणजे टनाला फक्त १५० ग्रॅम. एवढी पावडर फावड्याने एकसारखी मिसळत नाही. एका गोणीत जास्त, दुसरीत शून्य असे होते. शिवाय फिशमीलमध्ये ते आधीच असू शकते. समजा, फिशमीलमध्ये किलोला ४०० मिलिग्रॅम आहे आणि खाद्यात ते २५ टक्के वापरले, तर १०० मिलिग्रॅम तसेच आले. म्हणून फिशमील घेताना पुरवठादाराकडून कोणते अँटिऑक्सिडंट, किती, हे लेखी घ्या.

तयार खाद्य महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढेच आणा. कोकणात पावसाळ्यात तर त्याहून कमी. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, पत्र्याच्या उन्हापासून लांब ठेवा. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला, तर ते खाद्य ताज्यात मिसळून संपवू नका. निर्यातीचा माल असेल, तर काढणीच्या आधीच इथॉक्सीक्विनमुक्त खाद्याकडे वळा आणि किती दिवस आधी वळायचे, हे खरेदीदाराच्या अटी व प्रयोगशाळेतील नमुना तपासणीवरून ठरवा.