उत्स्फूर्त आणि सहज

'उत्स्फूर्त प्रतिसाद', 'उत्स्फूर्त बंद' हे शब्द वर्तमानपत्रात नेहमी भेटतात. मूळ धातू 'स्फुर्'. स्फुरणे म्हणजे थरथरणे, चमकून उठणे. 'उत्' म्हणजे वर. आतून उसळून वर येते, ते उत्स्फूर्त. म्हणूनच दमदाटीने पाडलेल्या बंदला हे विशेषण लावले, की माझ्या कानाला खटकते. त्याच्या जवळचा शब्द 'सहज', म्हणजे आपल्याबरोबर जन्मलेले.

या शब्दाचे धागे आपल्या वाशीमपर्यंत येतात. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दहाव्या शतकात राजशेखराने 'काव्यमीमांसे'त याच नगरात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला. त्याच ग्रंथात कवीच्या प्रतिभेचे तीन प्रकार आहेत : सहजा, आहार्या आणि औपदेशिकी. पैकी सहजा पूर्वजन्मीच्या संस्कारांतून येते, असे तो म्हणतो.

पूर्वजन्म कोणी मानो वा न मानो, संस्काराची गोष्ट मला पटते. ठरवलेले नसते, याचा अर्थ तयारी नसते असा नव्हे. बुडणाऱ्यासाठी कोणी क्षणात पुरात उडी घेतो, तेव्हा विचाराला सवड नसते. पण पोहणे आणि माणुसकी, दोन्ही आधीच अंगात मुरलेली असतात.