देवीचे व्रण : लसीच्या वादाची दोन शतके

माळव्यात होळीनंतर शीतला सप्तमी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेले शिळे अन्न खायचे आणि पहाटेच शीतलामातेला थंड पाणी घालून यायचे, ही इथली रीत. उज्जैनला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतूनही ती रुजली आहे. आपण ज्या रोगाला 'देवी' म्हणतो त्याच रोगाची ही देवता. मराठीत रोग झाला म्हणजे 'देवी आल्या', आणि तो होऊ नये म्हणून टोचून घेतले म्हणजे 'देवी काढल्या'. रोगाला आणि त्याच्या उपायाला एकच शब्द वापरणाऱ्या समाजाच्या मनात त्या उपायाविषयी भीती आणि आशा दोन्ही एकत्र नांदत असतील, तर त्यात नवल नाही.

प्रस्तुत लेखकाच्या दंडावर देवी काढल्याचे दोन व्रण आहेत. वर्गात समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दंडावर ते नाहीत. १९७७ साली भारत आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि ती टोचणी बंद पडली. रोग पाहिला नाही, व्रणही नाही. मग 'लस हवीच कशाला? ती सुरक्षित असते कशावरून?' असे प्रश्न तरुण विचारतात. हे प्रश्न नवे नाहीत. दोनशे वर्षांपासून ते विचारले जात आहेत आणि त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हिंदुस्थानात गोस्तनदेवीची पहिली यशस्वी टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाली. तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती दिली गेली. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. त्या वेळी उज्जैन दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होते आणि आदल्याच वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजेने या नगरीवर घाला घातला होता. मुंबईतल्या त्या मुलीच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस घेऊन इतर मुलांना टोचण्यात आले आणि अशीच दंडावरून दंडावर ती पुणे, सुरत, मद्रास अशी पसरत गेली. शीतपेट्या नव्हत्या, तेव्हा मुलांचे दंड हीच लसीची वाहने होती.

लोकांचा विरोध होता तो या पद्धतीला. आपल्या मुलाच्या अंगात परक्या मुलाच्या फोडातील द्रव का घालावा, हा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा होता हे खरे; पण तो केवळ सोवळ्याचा नव्हता. दंडावरून दंडावर लस नेताना उपदंशासारखे रोगही एका देहातून दुसऱ्या देहात जाऊ शकत, हे पुढे युरोपातच सिद्ध झाले, आणि वासराच्या अंगावर लस वाढवण्याची रीत आली. म्हणजे ज्याला आपण अडाण्यांचा हट्ट म्हणतो त्यात सत्याचा अंश होता. दुसरीकडे, देवीने दर पिढीत किती मुले नेली आणि किती आंधळी केली, हे लक्षात घेतले तर लसीच्या पुरस्कर्त्यांची घाईही समजण्याजोगी होती. सरकारने या घाईला कायद्याचे रूप दिले : १८७७ साली मुंबई शहरात टोचणी सक्तीची झाली आणि १८८० साली हिंदुस्थानसाठी लसीकरणाचा कायदा आला. सक्तीने टोचण्या वाढल्या, पण विश्वास कायद्याने वाढत नसतो.

याचा कडू अनुभव प्लेगच्या वेळी आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी हा रोग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी लसीवर काम आरंभले. जंतू वाढवण्यासाठी ते मांसाचा रस्सा वापरत, आणि तोही बकऱ्याच्या मांसाचा, कारण हिंदू व मुसलमान या दोघांच्याही भावनांची त्यांना जाणीव होती. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडत. त्या तुपाला लोंबकळत जंतूंचे धागे खाली वाढत. मग उष्णतेने जंतू मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि ताप व वेदना सोसल्या. पुढे आगाखानांनी लोकांसमक्ष टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती बरीच कमी झाली.

पण त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. परिणाम काय झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या सरकारचे शिपाई माजघरात घुसतात, त्याच सरकारची सुई दंडात टोचून घ्यायला लोक का कचरले असतील? लसीत काय घातले आहे याविषयी नाना अफवा उठल्या. त्या अफवांचे मूळ बाटलीत नव्हते. ते झडत्यांत होते.

अशा वातावरणात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना निलंबनाला तोंड द्यावे लागले. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, असे पुढे निदर्शनास आले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. मुंबईतील परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले, तिला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

मुल्कोवालचे एकोणीस मृत्यू खरे होते. ते लपवून विश्वास टिकला नसता, आणि 'लसच विषारी' असा निष्कर्ष काढूनही सत्य हाती लागले नसते. अनर्थ लसीने केला की हाताळणीने, हे शोधून काढायला पाच वर्षे लागली. ज्यांनी ते शोधले त्यांनी लसीच्या भक्तांपेक्षा आणि विरोधकांपेक्षाही मोठे काम केले.

लसीला विरोध करणारे सारेच अडाणी होते, असेही नाही. महात्मा गांधींनी १९१३ साली आरोग्यविषयक लेखमालेत देवीच्या टोचणीचा निषेध केला. १९३० साली साबरमती आश्रमात देवीच्या साथीत मुले दगावली, तरी त्यांचे मत पालटले नाही. १९५५ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींनी बीसीजी मोहिमेविरुद्ध पुस्तिका लिहिली. उत्तर मिळाले ते वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून. १९६८ पासून तामिळनाडूतील चिंगलपेट भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर चाचणी झाली, आणि प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून बीसीजी संरक्षण देत नाही असे आढळले. मात्र लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून ती वाचवते, म्हणून जन्मल्या बाळाला ती आजही टोचतात. विरोधकांच्या शंकेला आधार होता. तरीही त्यांचे सांगणे पूर्ण खरे नव्हते.

लस घेतल्यावर येणारा ताप, दंडाची सूज ही बहुधा शरीराने शत्रूला ओळखल्याची खूण असते. पण क्वचित हीच प्रतिकारशक्ती भलतीकडे वळते. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे कोविडची लस सुरू झाली. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड करोडो लोकांनी घेतली. या जातीच्या लसीनंतर अत्यंत विरळा का होईना, रक्तातील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन रक्ताच्या गुठळ्या होतात, हे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्येच दाखवून दिले होते. मूळ कंपनीनेही २०२४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात हा संभव मान्य केला. हे वाचून काहींना वाटले, आपण फसवले गेलो. कोविडने घेतलेल्या बळींच्या तुलनेत हा धोका फार लहान होता, हे खरे. पण लहान धोका आधीच स्पष्ट शब्दांत सांगितला असता, तर तो नंतर उघड झाल्यासारखा वाटला नसता.

आपल्या ग्रंथालयाची स्थापना करणाऱ्या पिढीने प्लेगच्या साथी पाहिल्या होत्या आणि १९१८ चा मानमोडीचा तापही सोसला होता. घराघरांतून माणसे गेलेली असतानाही त्या लोकांनी वर्गणी जमवून पुस्तकांची कपाटे उभी केली. लस दंडाला टोचतात. शंका मात्र माणसाच्या मनात उठते, आणि ती दूर करायला सक्ती उपयोगी पडत नाही. शंका घेणाऱ्याला अडाणी न म्हणता त्याच्यापुढे पुरावा ठेवावा लागतो. शीतलामातेला थंड पाणी घालणाऱ्या आयाबायांनीच अखेर मुलांचे दंड पुढे केले, म्हणून देवी गेल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असे नाही. भीती असूनही त्यांनी विश्वास ठेवला. त्या विश्वासाला पात्र राहणे हे सरकारचे, शास्त्रज्ञांचे आणि आपल्यासारख्या वाचणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या माणसांचे काम आहे.