टाऊन हॉलमधली दगडी पेटी

फोर्टातल्या टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या आपण लांबनंच बघतो. वर पुस्तकं आहेत, संगमरवरी साहेब आहेत आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तेरा तुकडे आहेत.

ही एशियाटिक सोसायटी. जन्म २६ नोव्हेंबर १८०४, परळात. होय, ज्या परळात पुढं गिरण्यांचे भोंगे वाजले तिथंच. जेम्स मॅकिंटॉश नावाच्या न्यायाधीशानं ती काढली. अभ्यास हिंदुस्थानचा, सभासद मात्र गोरे. १८३० च्या सुमारास ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा झाली. १८३३ साली माणकजी कर्सेटजी या पारशानं अर्ज केला, तो फेटाळला. आत घेतलं १८४० ला. प्रतिष्ठित पारशाला सात वर्षं! मग डॉ. भाऊ दाजी लाडांसारखे आले. म्हंजे उंबरठा खुला झाला तो इंग्रजी शिकलेल्याला. आणि शाळेत कोण बसत होतं? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला प्रवेश नाकारला. तो कुठनं टाऊन हॉल चढणार?

तरी याच सोसायटीच्या गोतावळ्यात एक माणूस मला भेटला. भगवानलाल इंद्रजी, जुनागडचा. जातीनं ब्राह्मण, ते लपवायचं कारण नाही. पण कॉलेजचं तोंड न बघता गिरनारच्या खडकावरची अक्षरं स्वतः लावायला शिकला. असा माणूस दिसला की मला बरं वाटतं, काय करू! १८६१ च्या सुमारास भाऊ दाजींनी त्याला मुंबईस आणला, लेण्यालेण्यांतून शिलालेख उतरवायला धाडला. लिहायचा गुजरातीत, इंग्रजी दुसरे करायचे.

१८८२ च्या एप्रिलात त्यानं नालासोपाऱ्याचं एक टेकाड खणलं. गावचे लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड! टोपल्या विणणाऱ्यांचा राजा. पोथीत असा राजा सापडायचा नाही, गावाच्या तोंडी मात्र होता. तो कोट निघाला स्तूप. पोटात विटांची खोली, तीत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा नि भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा करंडा. त्या सोन्यात काय, तर फुटक्या मातीचे तेरा तुकडे. एवढं सोनं-चांदी एका भिकेच्या भांड्याला राखायला! कुदळ मारणारे हात भगवानलालच्या एकट्याचे नसणार. ते कुणाचे, तुम्हीच ओळखा.

सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही त्याला मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा बोधिवृक्षाकडे गेला, ती आज्ञा.

पेटी सोसायटीकडं आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या लाखो माणसांनी बुद्ध घेतला, तेव्हा तिला जमिनीतनं वर येऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. आपल्या किती जणांना ठाऊक होतं? सोसायटीचं नाव बदलत गेलं, २००२ पासून एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई आहे. वर गेलात तर सोपाऱ्याची पेटी कुठंय म्हणून विचारा.