मोटारीचे अतितापन : चिन्ह आणि निदान

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे न्यायशास्त्रातील अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण होय. मोटारीच्या रेडिएटरमधून वाफ निघू लागली म्हणजे एंजिन प्रमाणाबाहेर तापले, हे अनुमानही तितकेच स्वाभाविक वाटते. परंतु धूर आणि अग्नी यांच्यात जी व्याप्ती आहे, ती वाफ आणि अतितापन यांच्यात नाही. शीतनव्यवस्थेच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत पाणी उकळणे हा बिघाड नव्हता; तीच शीतनाची रीत होती. पाण्याची वाफ होताना ती एंजिनाची उष्णता घेऊन जाई. म्हणूनच १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्टसहाइमपर्यंत प्रवास करणाऱ्या बेर्था बेंझ यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीझ गाडीला ८,०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. तेच पाणी निववून पुन्हा फिरविण्याची पद्धत अशी परिणत झाल्यावर वाफ हे बिघाडाचे लक्षण ठरले. जी पूर्वी प्रकृती, तीच आता विकृती झाली.

मात्र हे लक्षणही निरपवाद नव्हते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. ३,००० मीटर उंचीवर ते सुमारे ९० अंशांनाच उकळते. उलट, दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली एका वातावरणाइतका अधिक दाब असल्यास उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच दाब उतरतो आणि तोवर शांत असलेले पाणी एकाएकी उसळून माणसाला भाजते, याचे कारण हेच.

चालकाला उष्णतेचे मान कळावे म्हणून १९१२ च्या सुमारास बॉइस यांचा मोटोमीटर आला. रेडिएटरच्या झाकणावर बसविलेला हा तापमापक चालकाला बसल्या जागेवरून दिसे. त्यानंतर तापमान दाखविणारा काटा चालकासमोरच्या फळीवर आला आणि चिन्ह वस्तूपासून आणखी दूर गेले. विजेवर चालणाऱ्या नेहमीच्या रचनेत उष्णतेबरोबर संवेदकाचा विद्युत्‌रोध घटतो. त्यामुळे त्याची तार उघडी पडून गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर थंड एंजिनही तापलेले दिसते. याहून घातक प्रकार उलटा आहे. पाणी गळून संवेदक कोरडा पडला, तर काटा खालीच राहतो आणि इकडे सिलिंडरचे डोके वाकण्याची वेळ येते. खोट्या भयाने वेळ जातो. खोट्या आश्वासनाने एंजिन जाते.

म्हणून जाणता कारागीर एकाच चिन्हावर विसंबत नाही. एंजिन निवल्यावर तो आधी पाण्याची पातळी पाहतो, नंतर काट्याची साक्ष स्वतंत्र तापमापकाने पडताळतो. एंजिन तापूनही रेडिएटरची खालची नळी थंड राहिली, तर थर्मोस्टॅट उघडला नाही किंवा प्रवाह कोठे तरी अडला, असा संशय तो घेतो. गाडी उभी असतानाच तापत असेल तर तो पंख्याकडे वळतो. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर तुंबला आहे काय, हे पाहतो.

वाफ आणि काटा ही दोन्ही चिन्हेच होत. त्यांचा अर्थ त्यांच्या अंगी नसतो. ती ज्या व्यवस्थेत वावरतात, तिच्यातून तो ठरतो. ती व्यवस्था न जाणता केलेले निदान हा केवळ तर्क होय.