तीन विरुद्ध तीन

शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत काय चालते? बाकांची खरेदी, गळक्या छपराची दुरुस्ती, नेमणुका, बदल्या आणि शेवटी चहा. इतिवृत्त लिहिणारा कारकून सोडला तर कोणी कान देऊन ऐकत असेल असे वाटत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका मंडळाच्या एका बैठकीची हकिगत सांगणार आहे. गाव अमेरिकेतले, आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक. तारीख ५ मे १९५९.

तिथली व्यवस्था आधी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे गावोगावच्या शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे असतात आणि ती समिती जिल्हा परिषदेचाच एक भाग असते. अमेरिकेत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा बहुतेक ठिकाणी नगरपालिकेहून वेगळा, स्वतंत्र कारभार. त्याचे बोर्ड सहसा लोक थेट निवडून देतात, शाळांसाठीचा करही वेगळा. मुख्य अधिकारी म्हणजे सुपरिंटेंडंट, त्याला बोर्ड नेमते. लिटल रॉकमध्ये तेव्हा शिक्षकांचे करार दरवर्षी बोर्डाच्या मंजुरीने पुढे चालू होत. लिटल रॉकच्या बोर्डात सहा सभासद होते. सहा ही सम संख्या, एवढे ध्यानात ठेवा.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. अवघ्या तीन दिवसांत लिटल रॉकच्या बोर्डाने निकाल पाळण्याचे धोरण स्वीकारले. दक्षिणेत हे धाडसच होते. पण पुढे सुपरिंटेंडंट व्हर्जिल ब्लॉसम यांनी जी योजना आखली, तिच्यात पहिला भार एकट्या सेंट्रल हायस्कूलवर पडला. श्रीमंत वस्तीत नवे बांधलेले हॉल हायस्कूल १९५७ मध्ये उघडले ते फक्त गोऱ्या मुलांसाठी. कामगार वस्तीतल्या गोऱ्यांना यातला डाव कळत नव्हता असे नाही.

१९५७ चा सप्टेंबर तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नऊ कृष्णवर्णीय मुले सेंट्रलच्या दाराशी आली, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे शिपाई उभे करून त्यांना अडवले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवले. इतिहासाच्या पुस्तकांत गोष्ट बहुधा इथे संपते. बोर्डाची खरी परीक्षा त्यानंतर झाली.

बोर्ड डगमगले. १९५८ मध्ये त्याने न्यायालयाकडे अडीच वर्षांची मुदत मागितली. १२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती नाकारली. फॉबस यांनी त्यावर शहरातली चारही सरकारी हायस्कुले बंद करून टाकली. महिनाअखेर मतदान झाले: शाळांत सर्व मुलांना एकत्र घ्यावे की नाही? विरोधात १९,४७० मते, बाजूने ७,५६१. साडेतीन हजारांहून अधिक मुले घरी बसली. शिक्षकांचे करार चालू होते, म्हणून ते रोज रिकाम्या वर्गात येऊन बसत. गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांची कुठे ना कुठे सोय लागली, कोणी खाजगी शाळेत, कोणी नातेवाइकांकडे परगावी. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास निम्म्यांचे ते वर्ष शाळेविना गेले.

नोव्हेंबरात बोर्डाच्या सहापैकी पाच सभासदांनी राजीनामे दिले. डिसेंबरात नवी निवडणूक झाली आणि निकाल लागला तीन विरुद्ध तीन. तिघे वर्णभेदाचे कट्टर समर्थक, तिघे मवाळ.

आता ५ मे. विषय शिक्षकांच्या करारांचा. कट्टर तिघांना काही शिक्षक काढायचे होते, कारण त्यांच्या मते हे लोक एकत्र शाळांना अनुकूल होते. सकाळपासून प्रत्येक ठरावाला तीन-तीन मते पडत राहिली. अखेर मवाळ तिघे उठून निघून गेले. हेतू सरळ होता, कोरमच राहू नये. पण मागे राहिलेल्यांनी आपणच कोरम आहोत असे जाहीर केले आणि ४४ जणांना कामावरून काढले. त्यांत सेंट्रलचे मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज होते, उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबी होत्या. वर्षानुवर्षे गावातल्या पोरांना शिकवलेली, ‘सर’, ‘बाई’ म्हणून ओळखली जाणारी माणसे.

आणि गाव उठले. शाळा बंद होताना गप्प बसलेले व्यापारी, वकील, पालक संघटना तीन दिवसांत एकत्र आले. ‘स्टॉप’ नावाची समिती निघाली. ही संतापजनक बडतर्फी थांबवा, असा त्या नावाचा अर्थ. निवडून दिलेल्या सभासदांना परत बोलावण्याची तरतूद कायद्यात होती, तिचा आधार घेतला. घरोघर फिरण्याचे किचकट काम ज्या बायकांनी केले, त्या सप्टेंबरपासूनच राबत होत्या. पंचाहत्तरीच्या ॲडॉल्फिन टेरी यांच्या पुढाकाराने त्यांनी शाळा उघडण्यासाठी महिला समिती काढली होती. उलट बाजूनेही अर्ज केल्याने सहाही सभासदांचे भवितव्य २५ मे रोजी मतपेटीत गेले. थोड्या मतांच्या फरकाने कट्टर तिघे गेले, मवाळ तिघे राहिले. सुखवस्तू गोऱ्या वस्त्या आणि कृष्णवर्णीय वस्त्या यांची मते इथे एकत्र पडली.

मला या विजयाचे कौतुक आहे, पण ते करताना जीभ थोडी अडखळते. ‘स्टॉप’ने एकत्र शाळांची मागणी केलीच नव्हती. महिला समितीत केवळ गोऱ्या स्त्रिया होत्या आणि ते जाणूनबुजून होते. आम्ही फक्त शाळा उघडा म्हणतो, असे त्या सांगत. नाहीतर मते मिळाली नसती, हा त्यांचा हिशेब खोटाही नसावा. शेकडो कृष्णवर्णीय मुलांचे वर्ष वाया गेले तेव्हा जे गाव हलले नाही, ते आपल्या ४४ शिक्षकांसाठी वीस दिवसांत हलले.

नव्या बोर्डाने काढलेल्यांपैकी बहुतेकांना परत घेतले. जूनमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने शाळा बंद करण्याचा कायदा रद्द ठरवला आणि १२ ऑगस्टला हायस्कुले उघडली. गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळालेली कृष्णवर्णीय मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मूळच्या नऊंपैकी कार्लोटा वॉल्स आणि जेफरसन थॉमस सेंट्रलमध्ये परतले आणि १९६० मध्ये तिथूनच उत्तीर्ण झाले. शाळा उघडून महिनाही झाला नव्हता, तेव्हा ७ सप्टेंबरच्या रात्री शहरात सुरुंग फुटले. एक फुटला तो स्कूल बोर्डाच्या कचेरीत.

त्या कचेरीवरची भांडणे पुढेही चालू राहिली. जानेवारी २०१५ मध्ये ४८ पैकी सहा शाळांचे निकाल वाईट असल्याचे कारण देऊन राज्याच्या शिक्षण मंडळाने पाच विरुद्ध चार मतांनी लिटल रॉकचे निवडून आलेले बोर्ड बरखास्त केले. त्या वेळी बोर्डात कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते. गावाला आपले बोर्ड पुन्हा निवडता आले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. आता त्यात नऊ सभासद आहेत.