गाव फक्त जर्सीवर?

अमेरिकेत मायनर लीग, म्हणजे बेसबॉलची खालची पायरी, मध्यम शहरांत रुजली, कारण संघ आपल्याच गावच्या मैदानावर खेळतो. आपल्याकडे बघा. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, सोलापूर, रत्नागिरी असे सहा संघ. पहिलं विजेतेपद रत्नागिरीचं, पण सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याला! नगर जिल्ह्याचा तर संघच नव्हता. आमच्या राहुरीशेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान आधी मुंबईला गेला, रणजीत पहिल्यांदा उतरला तो बडोद्याकडून, आणि २०११च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. म्हणजे मंडळी, पोरं आपल्याकडे जन्मतात, घडतात मात्र गाव सोडून. संघाला गावाचं नाव देणं सोपं. गावात चार सामने झाले, तरच ते नाव खरं.